टेम्पररी कॅप निघाली तर डॉक्टरनं फसवलं असं नाही. पण ती तशीच ठेवून ऊसतोडीला जाणं महागात पडतं

टोळी निघायला आठ-दहा दिवस राहिले की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी या भागात घरोघरी एकच लगबग असते. किराणा भरायचा, कोयत्याला धार लावायची, लेकरांची सोय बघायची, म्हाताऱ्या माणसांची औषधं आणून ठेवायची. उचल हातात आलेली असते. वर्षभर लवंग दाबून ढकलत आणलेली दाढही याच दिवसांत उरकून घेतली जाते.

दवाखान्यात रूट कॅनल होतं. दाढ चारही बाजूंनी घासली जाते, माप घेतलं जातं आणि वर एक टेम्पररी कॅप बसते. डॉक्टर सांगतात, पंधरा दिवसांनी या, पक्की कॅप बसवू. पंधरा दिवसांनी ते माणूस कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात असतं. परत यायचं तर कोयत्याला खाडा पडतो.

पुढे दोनपैकी एक गोष्ट घडते. एकतर कॅप आठ-दहा दिवसांत निघून हातात येते आणि मग ‘पैसे घेतले अन् काम कच्चं केलं’ अशी बोलणी सुरू होतात. नाहीतर कॅप जागेवर राहते, दाढ दुखत नाही आणि माणूस तिला विसरून जातं. लोकांना यातली पहिली गोष्ट वाईट वाटते आणि दुसरी चांगली. दाढेचं नुकसान मात्र दुसरीत जास्त होतं. असं का, हे त्या कॅपखालच्या सिमेंटमध्ये आहे.

सुरगाठ आणि निरगाठ

जनावर दाव्याला बांधताना माणूस सहसा सुरगाठ मारतो. जनावराच्या ओढीनं ती सुटत नाही, पण मालकानं एक टोक ओढलं की झटक्यात मोकळी होते. निरगाठ मारली तर वेळेला विळा घेऊन दावं कापायची पाळी येते. टेम्पररी सिमेंट ही दाढेवर मारलेली सुरगाठ आहे. पक्की कॅप लॅबमधून येईपर्यंत तिनं धरून ठेवायचं आणि त्या दिवशी डॉक्टरनं ओढली की दाढेला धक्का न लावता सुटायचं, एवढंच तिचं काम. घासलेल्या दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. सिमेंट फार घट्ट धरणारं असेल तर कॅप काढताना त्या भिंतीचा टवका उडू शकतो, किंवा कॅप कापूनच काढावी लागते.

म्हणजे हे सिमेंट कमी ताकदीचं असतं ते हलक्या मालामुळे नाही. ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. त्याचा आंतरराष्ट्रीय मानकातच पुरावा आहे. झिंक ऑक्साइड जातीच्या सिमेंटसाठी आयएसओ ३१०७ हे मानक आहे. त्यात कॅप तात्पुरती चिकटवायच्या प्रकाराला दाब सोसण्याची वरची मर्यादा घातली आहे, ३५ मेगापास्कल. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण १० किलोचा भार. उलट पक्की कॅप बसवायच्या झिंक फॉस्फेट किंवा ग्लास आयोनोमर सिमेंटला खालची मर्यादा आहे, कमीत कमी ५० मेगापास्कल. प्रत्यक्षात चांगल्या झिंक फॉस्फेटची ताकद १०० च्या आसपास जाते. एकाला ‘यापेक्षा जास्त नको’ आणि दुसऱ्याला ‘यापेक्षा कमी नको’. गावात बांधकामाचं सिमेंट घेताना कुणी ‘जरा कमी ताकदीचं द्या’ म्हणत नाही, म्हणून ही गोष्ट पटायला जड जाते.

आता हा आकडा दाबाचा झाला, चिकटण्याचा नाही. चिकटण्याची ताकद वेगळ्या पद्धतीनं मोजतात. काढून टाकलेल्या खऱ्या दाढा ठोकळ्यात पक्क्या करतात, कॅपसाठी घासतात तशा घासतात, त्यावर कॅप सिमेंटनं बसवतात. मग ती ५ अंशाच्या गार आणि ५५ अंशाच्या गरम पाण्यात आलटून पालटून शेकडो, कधी हजारो वेळा बुडवतात. चहा आणि माठातलं पाणी तोंडात जे करतात त्याची ही नक्कल. शेवटी यंत्र कॅपला धरून हळूहळू वर ओढतं आणि किती जोराला ती सुटली ते लिहून ठेवतं. तो जोर दाढेच्या क्षेत्रफळानं भागला की चिकटण्याची ताकद कळते. सिमेंट दाढेवर राहिलं की कॅपमध्ये गेलं, हेही बघतात. कॅपबरोबर निघून आलं तर डॉक्टरचं काम सोपं होतं.

त्या सिमेंटमध्ये असतं काय

सगळ्यात जुनं आणि अजूनही चालणारं म्हणजे झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल. झिंक शेतकऱ्याच्या ओळखीचं आहे. पिकाला देतो ते झिंक सल्फेट, हे त्याच धातूचं दुसरं संयुग, पांढरी भुकटी. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दातांच्या दवाखान्यात पाय टाकला की जो वास येतो तो बहुतेक त्याचाच. आजी दुखऱ्या दाढेखाली लवंग धरायला सांगायची, तेच औषध एकोणिसाव्या शतकापासून दातांच्या दवाखान्यातही आलेलं आहे. जिवंत नस असलेल्या दाताला ते शांत करतं. पक्क्या सिमेंटच्या मानानं ते लाळेत लवकर विरघळतं, आणि इथंच सगळा घोळ आहे.

युजेनॉलची आणखी एक खोड आहे. दाताच्या रंगाचे जे आधुनिक रेझिन सिमेंट आणि भरण्याचे मसाले असतात, त्यांना ते नीट घट्ट होऊ देत नाही. तात्पुरती कॅप ज्या अ‍ॅक्रिलिकची असते तेही त्यानं मऊ पडू शकतं. म्हणून पुढे रेझिन सिमेंटनं कॅप बसवायची असेल तर डॉक्टर बिनयुजेनॉलचं टेम्पररी सिमेंट घेतात. बऱ्याच चाचण्यांत हे बिनयुजेनॉलवालं आणखी हलकं सुटणारं निघालं आहे. त्यापेक्षा जास्त धरणारी पॉलिकार्बोक्झिलेट आणि रेझिन जातीची टेम्पररी सिमेंटंही मिळतात. कोणतं कुठं वापरायचं हे दाढ बघून ठरतं. दाढ उंच, भिंती सरळ असतील तर हलकं सिमेंटही पुरतं. तेवढंही जड वाटलं तर काही डॉक्टर त्यात थोडं व्हॅसलिन मिसळून ते आणखी कमजोर करतात. रुग्णानं हे बघितलं तर त्याला भेसळच वाटेल, पण ती जाणूनबुजून केलेली असते.

आणि दाढेचा आकार ही सिमेंटाइतकीच मोठी गोष्ट आहे. स्टीलच्या डब्याला खोल, सरळ काठाचं झाकण असेल तर डबा उलटा केला तरी निघत नाही. उथळ झाकण बोट लागलं तरी पडतं. दाढेचंही तसंच. घासून उरलेली दाढ ४ मिलिमीटरपेक्षा बुटकी असेल, किंवा वर निमुळती होत गेली असेल, तर कोणत्याही टेम्पररी सिमेंटला तिथं धरायला जागाच कमी. किडीनं आधीच अर्धी खाल्लेली दाढ घेऊन जो उशिरा दवाखान्यात जातो, त्याची टेम्पररी कॅप सारखी निघते ती यामुळे. मिश्री लावून लावून दुखणं मारत बसलेल्यांच्या दाढा बहुतेक याच वर्गातल्या. त्यात दोष डॉक्टरचाही नाही आणि सिमेंटचाही नाही.

निघाली तर काय, राहिली तर काय

चावताना कॅप खाली दाबली जाते, त्यामुळे साध्या भाकरीनं ती सहसा निघत नाही. दाढेवर पूर्ण जोर लावला तर ५० ते ७० किलोपर्यंत दाब पडू शकतो, तोही ती काही दिवस सोसते. तिला उचकटतं ते चिकट आणि तिरकं खाणं. गुडदाणी, चिक्की, तीळगूळ, खारीक, पेपरमिंट. तोंड उघडताना चिकट पदार्थ कॅपला वर ओढतो, म्हणजे प्रयोगशाळेतलं यंत्र करतं तेच. आणि ऊस. फडात काम करणाऱ्याला ऊस खाऊ नको म्हणणं अवघड आहे, पण दातानं सोलून, कांडं मोडून खाल्लेला ऊस टेम्पररी कॅपला कोणत्याही दिशेनं ओढू शकतो. खायचाच तर कोयत्यानं सोलून, बारीक गंडेऱ्या करून, दुसऱ्या बाजूच्या दाढेनं. सुपारी तर नकोच.

कॅप निघालीच तर ती फेकायची नाही. धुऊन डबीत ठेवायची आणि डॉक्टरला फोन करायचा. बऱ्याच वेळा तीच कॅप साफ करून पाच-दहा मिनिटांत परत बसते. तोवर त्या बाजूनं चावू नये, पण ब्रश मात्र रोज फिरवावा. कॅप नसेल तर आजूबाजूच्या दाढा मोकळ्या जागेकडे कलू लागतात, समोरची दाढ खाली किंवा वर सरकू लागते. काही आठवड्यांत एवढा फरक पडू शकतो की मापाप्रमाणे बनून आलेली पक्की कॅप बसतच नाही. मग पुन्हा माप, पुन्हा लॅब आणि बहुतेक वेळा पुन्हा पैसे.

कॅप गिळली गेली तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते. मात्र त्याच वेळी जोरात ठसका लागला, खोकला थांबेना किंवा दम लागला तर ती श्वासनळीत गेलेली असू शकते. अशा वेळी फड सोडून थेट मोठ्या दवाखान्यात जायचं.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती खेड्यात सर्रास होते. निघालेली कॅप दुकानातल्या झटपट गोंदानं चिकटवणं. लोक त्याला सरसकट फेविक्विक म्हणतात. हा गोंद ओलाव्यानं लगेच घट्ट होतो, घट्ट होताना गरम होतो, हिरडी आणि जीभ भाजू शकते. तोंडात कॅप सरळ बसवायला वेळ मिळत नाही, ती तिरपी किंवा उंच बसते आणि दर घासाला दाढेवर हातोडी पडल्यासारखं होतं. पुढे ती काढताना डॉक्टरला सुरगाठ नाही, निरगाठ सापडते. एका दिवसाचा प्रश्न असेल आणि चारचौघांत जायचं असेल, तर कॅपच्या आत थोडं व्हॅसलिन किंवा टूथपेस्ट लावून ती बसवता येते. पण झोपताना काढून ठेवायची, नाहीतर झोपेत घशात जायची भीती.

हे झालं निघालेल्या कॅपचं. न निघालेल्या कॅपचं काय होतं? टेम्पररी सिमेंटचं काम काही आठवड्यांचं असतं. त्यानंतर ते कडेकडेनं विरघळत जातं. कॅप वरून जागेवर दिसते, पण खालून फट पडलेली असते. जमिनीत मुरलेल्या पाण्यासारखी लाळ त्या फटीत शिरते, तिच्याबरोबर जंतू आणि गोडाचा अंश. ब्रश तिथं पोचत नाही. आत कीड सुरू होते.

साध्या दाढेला कीड लागली तर ती दुखून सांगते. रूट कॅनल झालेल्या दाढेची नस काढून टाकलेली असते. ती दुखणार कशी? ‘दुखत नाही ना, मग कशाला जायचं’ हे वाक्य या दाढेच्या बाबतीत उलटं आहे. तिचं न दुखणं म्हणजे ती बरी आहे असं नाही, तिची घंटाच काढून ठेवली आहे. पाच महिन्यांनी पट्टा पडल्यावर माणूस गावी येतं, कॅप काढली जाते आणि आतून काळी, मऊ, वास येणारी दाढ निघते. कधी लाळ आणि जंतू थेट रूट कॅनलच्या भरणापर्यंत पोचलेले असतात आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. कधी दाढ काढण्याशिवाय इलाज उरत नाही.

दुसरा धोका तडकण्याचा. रूट कॅनल केलेली दाढ आतून पोकळ झालेली असते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते म्हणून चाकाचे तुकडे एकत्र राहतात. पक्की कॅप ही त्या दाढेची धाव आहे. अ‍ॅक्रिलिकची टेम्पररी कॅप ते काम करत नाही, ती झिजते आणि फुटते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या दंत महाविद्यालयाच्या रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. रूट कॅनल झालेल्या पण कॅप न बसवलेल्या दातांचं पडण्याचं प्रमाण कॅपवाल्यांच्या सहा पट निघालं. हा आकडा तिकडचा आहे. फरक केवढा मोठा असू शकतो एवढं मात्र त्यातून कळतं.

गावाकडे ‘टेम्पररी’ या शब्दाला तशीही मुदत नसते. टेम्पररी म्हणून टाकलेलं पत्र्याचं शेड वीस-वीस वर्षं उभं असतं. दाढेला ती सवलत नाही.

जाण्याआधी डॉक्टरला काय सांगायचं

सगळ्यात आधी हे, की आपण किती दिवसांसाठी गाव सोडतोय. बरेच जण हे बोलतच नाहीत आणि डॉक्टर नेहमीच्या हिशेबानं हलकं सिमेंट लावतात. पाच महिने येणं नाही हे कळलं तर डॉक्टरकडे दुसरे रस्ते असतात. लॅबला घाई करून साधी धातूची कॅप निघण्याआधीच बसवता येते का बघता येतं. ते जमत नसेल तर कॅपसाठी दाढ न घासता तिची टोकं कमी करून, आत पक्का मसाला भरून, कॅप उन्हाळ्यावर ढकलता येते. तयार मिळणारी स्टीलची कॅप ग्लास आयोनोमरसारख्या पक्क्या सिमेंटनं बसवणं हाही एक मार्ग आहे. कोणता योग्य हे दाढ बघून तेच ठरवतील, पण विचारलं तरच.

रूट कॅनल अर्धवट असेल, म्हणजे दोन बसण्यांच्या मधे पांढरा मऊ मसाला भरलेला असेल, तर गोष्ट आणखी नाजूक आहे. तो मसालाही टेम्पररी जातीचाच असतो. तो घेऊन हंगामाला जाणं म्हणजे विहिरीवर पुठ्ठा झाकून जाणं.

आणखी एक फसगत. कधी कधी डॉक्टर पक्की कॅपच टेम्पररी सिमेंटनं बसवतात, चावायला बरी वाटते का, उंच लागते का हे आठ-पंधरा दिवस बघायला. पद्धत चांगली आहे. पण रुग्णाला आरशात पक्की, पांढरी कॅप दिसते आणि काम संपलं असं वाटतं. म्हणून कॅप कोणती हे विचारण्यापेक्षा सिमेंट कोणतं हे विचारलेलं बरं. ‘हे सिमेंट पक्कं आहे का, का परत यायचंय?’ एवढा प्रश्न पुरतो.

पक्की कॅप बसवायच्या दिवशी डॉक्टर जुनं सिमेंट खरवडून, दाढ घासून स्वच्छ करतात. त्याला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. टेम्पररी सिमेंटचा थर राहून गेला तर त्यावर पक्कं सिमेंट नीट धरत नाही. ओल्या, धुळीच्या भिंतीला गिलावा धरत नाही तसंच.

पैशाचा प्रश्न असेल तर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर आहेत का याची चौकशी करावी. शासकीय दंत महाविद्यालय या भागाला जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं. तिथं कॅपची कामं होतात, खर्च खासगीपेक्षा कमी येतो, मात्र फेऱ्या जास्त लागतात. त्यामुळे हे काम दसऱ्याच्या तोंडावर नाही, हंगाम संपून गावी आल्यावर एप्रिल-मे मध्ये काढलेलं परवडतं.

ज्यांना दाढ अर्धवट ठेवूनच निघावं लागतंय, त्यांनी एक्स-रे आणि दवाखान्याच्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा. कारखान्याच्या गावातही दातांचे दवाखाने असतात. रूट कॅनल कधी झालं, कॅप कोणत्या सिमेंटवर आहे हे त्या फोटोवरून तिथल्या डॉक्टरला कळतं. मूळ दवाखान्याचा नंबर असला तर दोन डॉक्टर फोनवर बोलून घेतात. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास झाला तर खाड्याचा विचार न करता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, मग तो कारखान्याचा असो की सरकारी.